खुरपणीला बाया का मिळत नाहीत

औसा,
डिसेंबर २०२५

प्रिय बंडू,

परवा फोनवर तू बोलत होतास तेव्हा मी नुसता हूं हूं करत राहिलो, कारण बसमध्ये होतो आणि पुढच्या सीटवर गावातल्याच बाया बसल्या होत्या. आता निवांत लिहितो. तुझं म्हणणं असं की सरकारनं फुकटचे पैसे वाटून गाव आळशी करून टाकलं, म्हणून खुरपणीला माणूस मिळत नाही. माणूस मिळत नाही हे खरं आहे. यंदा माझ्याच सोयाबीनमध्ये गवत गुडघ्याला लागलं. पण आळशी झाले हे मला पटत नाही. का, ते दादाच्या घराचा हिशोब मांडून सांगतो. ते घर तुझ्या ओळखीचं आहे, वहिनीच्या हातच्या धपाट्यांची तारीफ तू अजून करतोस.

अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. विहीर आहे, पण फाल्गुनात तळ दिसतो. या घरात आता तीन जणांच्या खात्यांवर पैसे येतात. वहिनीला लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये. काकूंना, म्हणजे दादाच्या आईला, श्रावणबाळचे (म्हातारपणाच्या पेन्शनचे) महिन्याला १५००. दादाला पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच. बेरीज कर: ४८ हजार. आता शेताची बाजू बघ. गेल्या साली, म्हणजे बऱ्या वर्षात, पंधरा क्विंटलची रास झाली. हमीभाव होता ४८९२, पण आडतीवर चार हजारांच्या आसपासच गेलं. म्हणजे साठ हजार, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा. निव्वळ काय उरलं ते तू अर्थशास्त्राची पदवी नसतानाही सांगशील. अनुदान शेतीच्या जोडीला आहे की शेती अनुदानाच्या जोडीला, असा प्रश्न मला पडतो आणि तो मला मुळीच गमतीचा वाटत नाही.

सगळा पैसा मात्र एकसारखा खर्च होत नाही. दादाचे दोन-दोन हजार चार-चार महिन्यांनी एकदम येतात आणि खताच्या दुकानात जातात. घरात ते दिसतही नाहीत. काकूंचे कधी वेळेवर, कधी दोन महिने थकून एकदम येतात. त्यातून त्यांची बीपीची गोळी आणि नातवंडांचा खाऊ. वहिनीचे १५०० स्वयंपाकघरात उतरतात: तेल, चहापत्ती, पोरीची शिकवणी. किराणा दुकानातली उधारीची वही पूर्वी सुगीपर्यंत वाढत जायची, आता महिन्याच्या महिन्याला बरीचशी मिटते. उधारी मिटते म्हणजे काय, हे नोकरदाराला कळणं जरा अवघड आहे. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला दुकानदार भाव सांगत नाही, माल देतो. रोखीवाली बाई भाव विचारते.

आता शेळीची गोष्ट. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. अंगणवाडीताईंनी घरोघरी बसून फॉर्म भरले. रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३००० एकदम आले आणि दिवाळीपर्यंत पाच हप्ते मिळून साडेसात हजार झाले, कारण विधानसभेची निवडणूक समोर होती. हेतू काय होता ते तू सांगू नकोस, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वहिनीनं त्यात थोडी भर घालून एक गाभण उस्मानाबादी शेळी घेतली. तिनं जुळी दिली, दोन्ही बोकड. ते यंदा बकरी ईदच्या आधी विकले, आणि ईद जूनच्या सुरुवातीला आल्यामुळे पैसा बरोबर पेरणीच्या तोंडावर हातात आला. दरवर्षी दादा बियाण्यासाठी आडत्याकडून उचल घ्यायचा आणि मग माल त्याच्याच काट्यावर घालायचा. यंदा उचल घेतली नाही.

इथे मी तुला गोड शेवट सांगणार नाही. गेल्या हिवाळ्यात घरात थोडी रोकड होती म्हणून दादानं सोयाबीन लगेच न विकता धरून ठेवलं, आणि भाव वर आलाच नाही. यंदा तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेतात पाणी उभं राहिलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. धीर धरायला पैसा मिळाला, पण धीर धरून काही हाती लागेल अशी बाजारपेठ १५०० रुपयांत येत नाही.

आता खुरपणी. वहिनी पूर्वी आषाढ-श्रावणात दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची आणि स्वतःचं रान गवतात बुडायचं. उलटं वाटतं ना? पण संध्याकाळची हजेरी रोख मिळते, स्वतःच्या शेताचा पैसा दिवाळीला, मिळाला तर. चूल रोजची पेटते. आता महिन्याचा आधार आहे म्हणून ती आधी आपलं रान खुरपते, मग आमच्याकडे येते, आणि येताना रोजाचा दर वाढवून मागते. मी दिला. कुरकुरलो, पण दिला. म्हणजे कामाचे दिवस कमी झाले नाहीत, ते कुठे घालायचे हे ठरवायची मुभा आली. बागायतदार ओट्यावर बसून "बाया माजल्या" म्हणतात. त्यांचं नुकसान खरं आहे, माझंही आहे. पण इतकी वर्षं आपल्याला वेळच्या वेळी स्वस्तात मजूर मिळत होता तो या बायांच्या घरात पीठ नव्हतं म्हणून, हे कुणी बोलत नाही.

हे मी एकट्या घरावरून बोलतोय असं तू म्हणशील. मध्य प्रदेशात, इंदूरच्या आसपास, २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं नेमका हाच प्रयोग करून पाहिला होता. आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, लेकराचे १०० त्याच्या आईकडे. पुढे ते ३०० आणि १५० केले. अट कसलीच नाही. शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली. दारू वाढली नाही. लोक रोजंदारीकडून स्वतःच्या शेताकडे वळले, जनावरं घेतली, कर्ज कमी झालं. वहिनीनं तो अहवाल वाचलेला नाही, तरी तिनं ओळीनं तेच केलं. मात्र त्या गावांत कुणाचं रेशन बंद केलं नव्हतं, हे विसरू नकोस. आपल्याकडच्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं धान्य बंद पडलं आणि २०२३ पासून माणशी १५० रुपये सुरू झाले, पुढे १७० केले. त्या पैशाचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. गव्हाचा भाव वाढला तरी पाच किलो पाच किलोच राहतात, १७० रुपये तसे राहत नाहीत.

मला खरी काळजी दोन गोष्टींची वाटते. पहिली, गटाचं कर्ज देणारे फायनान्सवाले. त्यांचा पोरगा वहिनीला विचारत होता, "ताई, लाडकी बहीण चालू आहे ना? मग अजून वीस हजार बसतंय तुमच्या नावावर." आलेला पैसा त्याच्या लेखी हप्ता फेडायची ऐपत आहे. शेजारच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत जिथे पैसा सकाळी खात्यात येतो आणि दुपारी हप्त्यात जातो. दुसरी, निवडणुकीत आलेला पैसा निवडणुकीनंतर चाळणीत पडतो. चारचाकी असेल तर नाव कमी, बाईच्या स्वतःच्या नावावर जमीन असून ती नमो शेतकरीची लाभार्थी असेल तर १५०० ऐवजी ५००. प्रचारातले २१०० अजून प्रचारातच आहेत. आता ३१ डिसेंबरपर्यंत केवायसी, आणि त्यात नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागतात. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईला दोघंही नाहीत. ती केंद्रावर जाऊन मृत्यूचे दाखले दाखवते आणि तिथला पोरगा "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो. तिच्याकडे शेळी नाही, शेत नाही. तिचे १५०० म्हणजे खोलीचं भाडं आणि थोडं तेल-मीठ. नसतेच तर तिनं वेगळा काही मार्ग काढला असता. आता त्यावर घर रचलंय आणि पाया कुणाच्या तरी बोटावर आहे.

राज्याच्या तिजोरीचं तू बोललास ते मान्य. या वर्षी एकट्या लाडकी बहीणला ३६ हजार कोटी ठेवलेत, आणि त्यात किती विहिरी, किती गोदामं झाली असती याचा हिशोब मीही करतो. पण विहीर मंजूर व्हायला सरपंचाच्या दारात उभं राहावं लागतं, वहिनीला खात्यातले पैसे काढायला कुणाला नमस्कार घालावा लागत नाही. मला दोन्ही हवंय. एकाच्या बदल्यात दुसरं, असा सौदा फक्त गरिबांपुढेच का मांडतात?

येळवसेला, वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, येतोयस ना? यंदा कडबा कमी असल्यानं पूजेची कोप (खोपटी) लहान बांधणार आहोत, पण भज्जी आणि आंबील भरपूर असेल. तुझं आळशीपणाचं म्हणणं तू स्वतः वहिनीपुढे मांड. मी मध्ये पडणार नाही.

तुझाच,
मास्तर