रविवारच्या उपासनेची वेळ आणि भाषा कोठे कळावी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दशावताराच्या हंगामात कोणत्या मंडळाचा प्रयोग कोणत्या गावी आहे हे छापून येते, जत्रांच्या तारखा येतात, आठवडा बाजाराचा दिवस बदलला तर तेही येते. याच पानावर दर शनिवारी एक लहानशी चौकट असावी आणि तिच्यात सावंतवाडी व आसपासच्या गावांतील ख्रिस्ती प्रार्थनास्थळांतल्या रविवारच्या उपासनेची वेळ आणि भाषा द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान आहे. पण तिच्यामागे आमच्या घराची चार वर्षे आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, प्रोटेस्टंट मंडळीतले (एका चर्चच्या उपासक समुदायाला आम्ही मंडळी म्हणतो), आणि घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. ज्या नगरात १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले, जेथे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात, त्या भागात ख्रिस्ती माणसाला मंडळी शोधावी लागत नाही. घंटा ऐकू येते आणि पाय तिकडे वळतात. त्यामुळे बँकेच्या नोकरीत माझी बदली सावंतवाडीला झाली तेव्हा घर, मुलीची शाळा आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या या सगळ्यांची चौकशी मी आधी करून ठेवली. उपासनेची केली नाही. ती असेलच, असे मी गृहीत धरले होते.

मोती तलावापासून जवळच आम्हांला घर मिळाले. २०११च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्याही आत लोकसंख्या असलेले हे शहर संध्याकाळी जणू सगळेच तलावाच्या काठावर येते. एका अंगाला राजवाडा, पाण्यावर दिव्यांच्या लांब रेघा, कठड्यावर बसलेली माणसे. पहिल्याच आठवड्यात आईने त्या कठड्यावर आपली एक जागा ठरवून टाकली. येथे दोनच गोष्टी कमी आहेत, ती म्हणाली, बाजरीची भाकरी आणि आपली मंडळी.

पहिल्या रविवारी मोबाइलच्या नकाशात दाखवलेली वेळ पाहून आम्ही चौघे निघालो. ती वेळ जुनी होती. आम्ही पोचलो तेव्हा उपासना संपून लोक घरी गेले होते आणि एक मुलगा खुर्च्या एकात एक रचत होता. फाटकावरच्या फलकावर चर्चचे नाव होते, वेळ नव्हती. आम्ही परत फिरलो आणि तलावाच्या काठी बसलो. आईने पिशवीतून ‘उपासना-संगीत’ हे गीतांचे पुस्तक काढले, एक गीत हळू आवाजात म्हटले, प्रभूची प्रार्थना म्हटली आणि पुस्तक पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवले. तो आमचा येथला पहिला रविवार.

त्यानंतरचे काही आठवडे मी कार्यालयात, शेजारी, दुकानांत विचारत राहिलो. लोक आपुलकीने बोलत; पण बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असे, “तुमी गोव्याचे काय?” नगरचे आहोत म्हटल्यावर पुढचा प्रश्न आडनावाचा. मराठी आडनावाचा, मराठी बोलणारा, नगरकडचा माणूस ख्रिस्ती कसा, हे कोडे त्यांना उलगडत नसे. यात कोणाच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. या भागात ख्रिस्ती म्हटले की पिढ्यांपूर्वी गोव्यातून आलेली, घरात कोकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबेच डोळ्यांसमोर येतात, आणि तसे येणे स्वाभाविक आहे. मात्र बदलीच्या नोकरीवर येणारे शिक्षक, परिचारिका, बँक आणि रेल्वेतले कर्मचारी यांच्यात लातूर, जालना, सोलापूर, नगरकडचे मराठी ख्रिस्ती असतात, हे येथे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शेवटी मार्ग दाखवला तो पाववाल्याने. सायकलच्या मागे टोपली बांधून पहाटे भोंगा वाजवत येणाऱ्या त्या गृहस्थांनी आईच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि मिस्सेची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, वेळ, पावसाळ्यात ती कशी बदलते, कोणत्या रविवारी मराठीत वाचन असते, हे सगळे दारात उभ्या उभ्या सांगितले. त्यांच्याकडूनच मला प्रथम कळले की हे लहानसे शहर बिशपांचे, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांचे, पीठ आहे. पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला आणि सावंतवाडीचे मिलाग्रीस चर्च त्याचे कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, झाले.

पुढच्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. मिस्सा कोकणीत होती. गाण्यांचे पुस्तक रोमी (इंग्रजी अक्षरांच्या) लिपीत, ते आईला वाचता येईना. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. मग सगळे उभे राहिले आणि प्रार्थना सुरू झाली, “आमच्या बापा, सर्गींच्या, तुजें नांव पवित्र जांव...” आईने डोळे उघडले. तीही उभी राहिली आणि आपल्या नगरी मराठीत “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणू लागली. दोन्ही प्रार्थना शेजारी शेजारी चालल्या आणि जवळजवळ एकाच वेळी ‘आमेन’पाशी पोचल्या. पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी मागे वळून पाहिले. बाहेर पडताना त्यांनीच आईचा हात धरला आणि विचारले, “तुमी खयचे?”, म्हणजे तुम्ही कुठले? या वेळी तो प्रश्न आम्हांला परका वाटला नाही.

अडचणी संपल्या असे मात्र नाही. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर (अभिमंत्रित भाकर) स्वीकारणे हे त्या मंडळीच्या सभासदांसाठी असते. आम्ही प्रोटेस्टंट त्या वेळी जागेवर बसून राहतो. आईला पहिल्यांदा ते फार लागले. मी समजावले, फादरांनीही प्रेमाने समजावले, आणि मग तिने त्या वेळात मनातल्या मनात स्तोत्र म्हणायचा नेम धरला. पंथांमधला हा भेद खरा आहे, तो चौकटीत छापून मिटणारा नाही, आणि नवख्या माणसाला तो आधी ठाऊक असला तर भर उपासनेत त्याचा गोंधळ होत नाही. चौकटीत वेळेबरोबर पंथ आणि भाषाही असावी असे मी म्हणतो, त्याचे हे एक कारण आहे.

प्रभुभोजनासाठी, म्हणजे आमच्या पंथातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीसाठी, म्हणून आम्ही वेंगुर्ल्याची वाट धरली. तेथे अमेरिकन प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट मिशनने रुग्णालय चालवले. सेंट ल्यूक्स हे त्याचे नाव जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचे चिरंजीव १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मले आणि पुढे अमेरिकेचे भारतातले राजदूत झाले. मिशनची माणसे गेली. मागे राहिलेली मराठी उपासना करणारी थोडी कुटुंबे आम्हांला तेथे भेटली. महिन्यातून एका रविवारी सकाळच्या एस.टी.ने जायचे आणि दुपारी परतायचे असा आमचा क्रम बसला. परतताना आईच्या मांडीवर कोणी ना कोणी दिलेली आमसुलाची पुडी असेच.

तरीही आमची रोजची माणसे झाली ती सावंतवाडीचीच. मे महिन्यात जवळच्या एका वाडीतल्या खुरसापाशी (क्रूसापाशी) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थनागायन, असते म्हणून त्या वृद्ध बाई आम्हांला घेऊन गेल्या. जांभ्या दगडाचा चौथरा, नुकताच चुना दिलेला पांढरा क्रूस, त्यावर अबोलीचा हार, मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून हाताचे आडोसे केलेली पोरे. व्हायोलिनवर एक जण सूर धरतो, एक जण संतांची नावे घेतो आणि सगळे मिळून लॅटिनमध्ये उत्तर देतात. वाडीतली हिंदू कुटुंबेही आली होती. त्यांच्यातल्या एका घराने त्या वर्षीच्या मेणबत्त्या दिल्या होत्या. शेवटी उकडलेले चणे वाटले. माझी मुलगी त्या दिवसापासून चण्यांची वाट पाहत मे महिना मोजते. आठ सप्टेंबरला मोंतीच्या सणाला (मरियामातेच्या जन्मदिनी) भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी नेतात, तेव्हा तिने एक लोंबी आणून आजीच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ठेवली. ती अजून तेथेच आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली. रात्रीची वेळ होती आणि दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. शवपेटी कोठे मिळते, कबर कोण खणतो, आमच्या पंथाच्या माणसाला येथे जागा मिळेल का, यांतले मला काहीही माहीत नव्हते. मी त्या वृद्ध बाईंच्या मुलाला फोन केला. त्याने फादरांना उठवले. फादरांनी पंथ विचारला नाही. जागा दाखवली आणि वेंगुर्ल्याच्या पाळकांनी (प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी) मराठीत विधी करावा असे आपणहून सुचवले. सकाळी खणलेल्या खड्ड्यात लाल पाणी साचत होते आणि वाडीतली दोन तरुण मुले रंगाच्या रिकाम्या डब्याने ते उपसत होती, पाळक येईपर्यंत उपसतच होती. आईच्या आवडीचे टिळकांचे गीत आम्ही तिघांनी सुरू केले. बाकीच्यांना शब्द येत नव्हते, पण दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी चाल धरली. टिळक मूळचे याच कोकणातले. करजगावात जन्मलेल्या माणसाचे शब्द नगरला जाऊन तेथून आमच्याबरोबर परत आले होते.

हे सारे आम्हांला मिळाले ते एका पाववाल्याची नजर आईच्या गळ्याकडे गेली म्हणून. तो दुसऱ्या गल्लीने गेला असता तर काय झाले असते, हा विचार मला त्या रात्रीपासून सोडत नाही. गेल्या महिन्यात बँकेत माझ्या टेबलावरचे बायबलमधल्या वचनांचे कॅलेंडर पाहून एका तरुण परिचारिकेने दबक्या आवाजात विचारले, “सर, इथं मराठी उपासना कुठं असते?” ती जालन्याकडची. तिला येथे रुजू होऊन सात महिने झाले होते आणि सात महिने ती आपल्या खोलीत एकटीच शास्त्र वाचत होती. त्याच संध्याकाळी मी हे पत्र लिहायचे ठरवले.

काही वाचक म्हणतील की ही माहिती चर्चांनीच द्यावी, वृत्तपत्राने का द्यावी? चर्चांनी फाटकावर मराठीत वेळ आणि भाषा लिहावी हे मलाही हवे आहे आणि तसे मी फादरांना व पाळकांना सांगितलेही आहे. परंतु फाटकापर्यंत पोचलेल्यालाच फलक दिसतो. नवखा माणूस गावात आल्यावर खोली शोधतो, खानावळ शोधतो आणि सकाळी चहाच्या दुकानात वृत्तपत्र उघडतो. शिवाय आपल्या पानांवर ख्रिस्ती समाज दिसतो तो नाताळाच्या आठवड्यात, चांदणी आणि केकच्या छायाचित्रासह. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु वर्षाचे उरलेले एक्कावन्न आठवडेही आम्ही याच गावात राहतो.

मराठी आणि कोकणी यांच्यात मला कोणतीही ओढाताण नको आहे, हेही स्पष्ट करतो. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात बसून रचलेले आणि १६१६ साली राचोलला छापलेले क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, आणि त्या मराठीत कोकणीचे शब्द मिसळलेले आहेत. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या काळात, कॅथलिक उपासना लोकांच्या भाषेत आली. येथे लोकांच्या भाषा दोन आहेत. कोकणी मिस्सा आहे तशीच राहावी. महिन्यातून एकदा मराठी वाचन असते, त्याचा रविवार तेवढा आधी कळावा.

चौकटीसाठी फार खटाटोप लागणार नाही. गावाचे नाव, पंथ, वेळ, भाषा आणि दफनविधीसारख्या निकडीच्या प्रसंगी संपर्क करायचे कार्यालय, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. पावसाळ्यात आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या आधीच्या पवित्र आठवड्यात वेळा बदलतात, तेव्हा यादी नव्याने मागवावी. घरांत भरणाऱ्या लहान प्रार्थनासभांचे पत्ते मात्र त्या कुटुंबांनी स्वतः कळवल्याशिवाय छापू नयेत. आजच्या वातावरणात ती जबाबदारी आपण आणि मी दोघांनीही ओळखली पाहिजे. हीच सोय अन्य धर्मीयांना हवी असेल तर त्यांच्यासाठीही असावी. मशिदीतील ईदच्या नमाजाची वेळ किंवा बुद्धविहारातील वंदनेची वेळ शोधणारा बदलीचा माणूसही आमच्यासारखाच तलावाच्या काठी बसलेला असेल.

सावंतवाडी आणि वेंगुर्ला येथील वेळा मी तेथल्या फादरांकडून व पाळकांकडून लेखी घेऊन ठेवल्या आहेत. कुडाळ आणि बांदा येथे येत्या पंधरवड्यात जाणार आहे. आपण होकार कळवल्यास पहिली यादी मी स्वतः आपल्या सावंतवाडी कार्यालयात आणून देईन आणि पुढे दर गुरुवारी दुपारपर्यंत बदल कळवत जाईन.

आपला नियमित वाचक,
सावंतवाडी