सिएनाहून आल्यावर

फ्लॉरेन्स, रविवार रात्र

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर दादाला आणायला सांग, माझी वाट बघू नकोस.

काल सिएनाला जाऊन आले, बसने सव्वा तास. तिथल्या मोठ्या चर्चला लागून एक अजस्र भिंत नुसतीच उभी आहे. वर खिडकीची कमान आहे, पण आरपार दिसतं ते आभाळ. १३३९ मध्ये गावाने थाटाने नवं चर्च बांधायला घेतलं. आत्ताचं एवढं मोठं चर्च म्हणजे त्याची फक्त आडवी बाजू व्हायची होती! १३४८ च्या मे महिन्यात प्लेग आला आणि काम बारगळलं. पुढे काही बांधकाम कच्चं निघालं म्हणून पाडलंसुद्धा. जिथे प्रार्थना व्हायची होती, तिथे काल पोरं आइस्क्रीम खात बसली होती.

साथ आली जहाजांतून. काळ्या समुद्राकडून निघालेली जेनोव्हाची जहाजं ऑक्टोबर १३४७ मध्ये सिसिलीतल्या मेसीना बंदराला लागली. चार-पाच वर्षांत युरोपातली निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. पॅरिसच्या वैद्यांनी राजाला कारण काय कळवलं माहितीये? १३४५ मध्ये शनी, गुरू, मंगळ कुंभेत एकत्र आले म्हणून हवा बिघडली! तुझं पंचांग आठवलं, रागावू नकोस. उंदीर आणि पिसवा कुणाच्या डोक्यातच आल्या नाहीत. तुझ्या आजीला निदान एवढं ठाऊक होतं, की घरात उंदीर पडला की बिऱ्हाड माळावर हलवायचं.

सिएनातल्या आन्योलो दी तुरा नावाच्या माणसाने तेव्हाचं लिहून ठेवलंय. काखेत नि जांघेत गाठी यायच्या, बोलता बोलता माणूस जायचा. मेलेल्यांसाठी घंटा वाजेना, कुणी रडेना, कारण जो तो आपलीच पाळी धरून बसलेला. माती इतकी वरवर टाकलेली, की कुत्री प्रेतं उकरून काढायची. आणि मध्येच तो सांगतो, माझी पाच मुलं मी माझ्या हातांनी पुरली. त्यांची नावं नाहीत. मी ती ओळ तिथेच, भिंतीच्या सावलीत दोनदा वाचली.

तुझी आजी माळावरून परतली तेव्हा सोबत कोण कोण होतं, हे तू कधी सांगितलं नाहीस. झोपड्यांपर्यंत येतेस आणि चहा टाकायला उठतेस. दिवाळीत येतेय. चहा मी टाकीन.

तुझी,
धाकटी