त्या चौघांचीही नावे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिनाच्या लेखांत २७ मे १९९९ रोजी गमावलेल्या दोन मिग विमानांची हकीकत बहुधा असतेच. त्याखाली एक ओळ येते, 'दुसऱ्या दिवशी एक हेलिकॉप्टर पाडले गेले', आणि लेख पुढे सरकतो. त्या हेलिकॉप्टरमध्ये स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राजकिशोर साहू होते. चौघांपैकी कोणीही परतले नाही. नावे आलीच तर वैमानिकांची येतात, दोन्ही सार्जंट गळतात. ते का गळू नयेत, यासाठी हे पत्र.

ते एमआय-१७ होते, मुळात माणसे आणि सामान वाहणारे हेलिकॉप्टर. द्रासजवळच्या तोलोलिंगवरील शत्रूच्या ठाण्यांवर मारा करण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना ५७ मि.मी. रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट भरलेली नळकांडी, लावले होते, एका पॉडमध्ये ३२ रॉकेट. हे रॉकेट सुटल्यावर वळत नाही. त्यामुळे अख्खे हेलिकॉप्टरच नाकाच्या रेषेत लक्ष्यावर रोखून दीड-दोन किलोमीटरपर्यंत जावे लागते आणि मारा झाला की वळून बाहेर पडावे लागते. तोलोलिंगची उंची सुमारे पंधरा हजार फूट. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पाती हवेला कमी धरतात, वळण जड होते. अशा वेळी दोघे वैमानिक समोर बघत असताना इंजिनाचे तापमान आणि पात्यांचे फेरे दाखवणाऱ्या काट्यांवर नजर असते फ्लाइट इंजिनीअरची. चौथा फ्लाइट गनर. चौघांपैकी एकही जण नुसता 'सोबत' नसतो.

हेलिकॉप्टर पडले ते स्टिंगर क्षेपणास्त्राने. हे क्षेपणास्त्र एकटा माणूस खांद्यावरून डागतो आणि ते इंजिनाच्या उष्णतेमागे जाते. मैदानात हेलिकॉप्टर वर आणि डागणारा खाली असतो. इथे डागणारा शिखरावर, जवळपास हेलिकॉप्टरच्याच उंचीवर बसला होता. दोन किलोमीटर कापायला या क्षेपणास्त्राला तीन-चार सेकंद पुरतात. त्याला चकवण्याचा उपाय म्हणजे फ्लेअर. शेपटीजवळच्या खोक्यांतल्या नळ्यांमधून जळती काडतुसे सुटतात, ती इंजिनाहून जास्त तापलेली असतात आणि क्षेपणास्त्र त्यांच्या मागे भरकटते. २८ मे रोजी पडलेल्या हेलिकॉप्टरवर ही खोकी नव्हती. ती नसताना त्या तीन-चार सेकंदांत चालक दलाच्या हाती काय उरते, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-१७ काढून घेण्यात आली. पुढचा मारा विमानांनी स्टिंगरच्या टप्प्याबाहेरील उंचीवरून केला, मिराज-२००० विमाने आणि लेझर-मार्गदर्शित बॉम्ब आले. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतले. युद्धाची रीत बदलली त्यामागे या चौघांचे मरण आहे, आणि एका ओळीत ते मावत नाही.

नाशिककरांना याच जातीच्या हेलिकॉप्टरची दुसरी आठवण आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरहून उडालेले एमआय-१७ व्ही-५ काही मिनिटांत बडगामला कोसळले. वैमानिक होते सिद्धार्थ वशिष्ठ आणि आपल्या नाशिकचे निनाद मांडवगणे. त्यांच्यासोबत विशाल कुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे आणि पंकज कुमार गेले, शिवाय जमिनीवरचा एक गावकरी. आपल्याच क्षेपणास्त्राने हे हेलिकॉप्टर पडले आणि ती मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला उघडपणे मान्य केले. 'आपला की परका' हे रडारला सांगणारी आयएफएफ यंत्रणा हेलिकॉप्टरवर बंद होती आणि जमिनीवरील नियंत्रण व चालक दल यांच्यात समन्वय राहिला नव्हता, असे चौकशीतून पुढे आले. रडार सांकेतिक प्रश्न विचारते, हेलिकॉप्टरवरील यंत्र आपोआप उत्तर देते. उत्तर आले नाही, तर पडद्यावर उरतो तो खालून, संथ येणारा एक अनोळखी ठिपका. वर भारत आणि पाकिस्तानच्या विमानांची झुंज चालू असताना त्या ठिपक्याबद्दल निर्णय घ्यायला फार थोडा वेळ मिळतो.

हे लिहिले तर मृतांचा अवमान होतो, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. 'दुर्दैवी अपघात' एवढेच छापले की फ्लेअरची खोकी नव्हती आणि आयएफएफ यंत्रणा बंद होती, या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, आणि माणसे आपल्या कामात कुठे कमी पडली असावीत, असा समज उरतो. तो त्यांच्यावर अन्याय आहे.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच. २८ मे आणि २७ फेब्रुवारीच्या दिनविशेषात 'हेलिकॉप्टर कोसळले' याच्या पुढे चालक दलातील सर्वांची नावे द्यावीत, ज्यांचे पद ठाऊक आहे त्यांचे पदासह. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सहा. बडगामच्या गावकऱ्याचा उल्लेखही त्याच ओळीत असावा. जागा दोन-तीन ओळींहून जास्त लागणार नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक