तुझा खिळा आणि माझा खिळा

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "खिळे ठोकणं तर मी बाबांकडे बघूनच शिकले." ऐकून छाती भरून आली, पण रात्री झोप लागेना. माझे खिळे वेगळे गं. मी घणसोली-खारघरला शटरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे उभारण्यात जन्म काढला. तिथला खिळा काढण्यासाठीच मारायचा. अंबुरात, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीत, सापडावा म्हणून त्याचा माथा थोडा वर ठेवायचा. तू कॅनडात लाकडाची घरं उभी करायला शिकतेयस. तिथला खिळा भिंतीत कायमचा बंद होतो.

लाकडाच्या रेषा बघत जा. खिळा रेषांना आडवा गेला तर लाकूड त्याला दाबून धरतं. फळीच्या टोकातून रेषांच्या दिशेने मारला, तर ओढ बसली की सुटतो. शिकाऊ असताना गावच्या माळ्यावर मी असेच टोकात खिळे मारून फळी अडकवली होती. पहिल्याच पावसाळ्यात ती खाली आली. आजी नुकतीच तिथून उठली होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग तुमच्याकडे आडव्या पट्टीतून उभ्या खांबाच्या टोकात दोन सव्वातीन इंची खिळे कसे चालतात, असं तू विचारलंस. तिथे भार वरून खाली येतो. खांब बाजूला सरकू नये एवढंच खिळ्याचं काम. तिरके मारायचे तर अडीच इंची चार, आणि खांबाच्या टोकापासून खिळ्याच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर सुरुवात कर, नाहीतर लाकूड चिरतं.

वारा वर उचलतो तेव्हा खरी भिस्त बाहेरच्या प्लायवर असते. कडेला 6 इंचांवर, मधल्या खांबांवर 12 इंचांवर खिळा. हे अंतर डोळ्याने ठरवू नकोस, टेप लाव. 1992 साली फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळात छपरांचे प्लाय उडाले, ते तुमच्या शिक्षकांनी सांगितलं म्हणालीस ना? कित्येक ठिकाणी खिळे खालच्या लाकडात गेलेच नव्हते. हातोडीने मारताना खिळा पोकळीत गेला की हाताला लगेच कळतं, आवाजही बदलतो. हवेच्या दाबाने खिळे मारणाऱ्या गनने ते कळत नाही. म्हणून प्लाय लावून झाला की आतल्या बाजूने जाऊन बघ. टोक उघडं दिसलं तर शेजारी दुसरा मार. आणि कॉम्प्रेसरचा दाब बेताचा ठेव. माथा प्लायचा वरचा पदर फोडून आत रुतला तर पकड गेली. थोडा वर राहिला तर हातोडीने बसवता येतो.

गन मात्र दर खिळ्याला वेगळा ट्रिगर दाबावा लागतो तीच घे. ट्रिगर दाबून धरून गनचं नाक लाकडाला टेकवलं की खिळा सोडणारी नको, कितीही भराभर काम होत असलं तरी. तुझी आई याच एका गोष्टीला घाबरते.

पहिली भिंत तुझ्या हाताने झाली की आतून बंद करण्याआधी फोटो पाठव. जवळून काढ, मला खिळे मोजायचे आहेत.

तुझे,
बाबा