अगोदर वहिनींना विचार

पामर, अलास्का
१२ ऑक्टोबर

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे बटाटे काढण्याचा, कोबी उतरवण्याचा आणि सरपण आत घेण्याचा महिना. त्यात चार ओळी लिहिण्याइतकी उसंत मिळत नाही. पुण्याची नोकरी सोडून आजऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीवर राहायला जायचे तुझ्या मनात आहे, आणि ‘तू ते करून दाखवले आहेस, तेव्हा रोजचा दिवस कसा जातो ते सविस्तर लिही’ असे तू म्हणतोस. करून दाखवले म्हणण्याजोगे फारसे नाही, पण लिहितो.

अलास्कात आम्हाला जमीन फुकट मिळाली असावी, अशी तुझी समजूत दिसते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत मालकी मिळत असे, हे खरे. पण तो कायदा देशात इतरत्र १९७६ मध्ये रद्द झाला आणि अलास्काला दिलेली दहा वर्षांची सवलतही १९८६ मध्ये संपली. आम्ही अडीच एकर जागा कर्ज काढून घेतली आहे. आमच्या मॅटानुस्का खोऱ्यात १९३५ साली, मंदीच्या काळात, सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधून २०३ कुटुंबे आणून वसवली आणि चिठ्ठ्या टाकून जमिनी वाटल्या. (ही जमीन ओसाड पडलेली नव्हती, देनाइना आणि आत्ना लोक इथे फार पूर्वीपासून राहत होते.) त्या कुटुंबांची उंच कोठारे अजूनही रस्त्याकडेला दिसतात, पण पहिल्या पाच वर्षांतच निम्म्याहून अधिक कुटुंबे निघून गेली होती. का गेली असतील, हे मला आमच्या पहिल्या हिवाळ्यात कळले.

त्या वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये इथे राहायला आलो. मी बर्चची झाडे सप्टेंबरमध्ये तोडली आणि ऑक्टोबरमध्ये जाळायला घेतली. बर्चची साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ओंडके फोडून निदान एक उन्हाळा वाळवावे लागतात, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. ओले लाकूड नुसते धुमसत राही, खोली तापत नसे आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी साचे. ती पेटली तर घर जाते. डिसेंबरात इथे जेमतेम साडेपाच तास उजेड असतो. मी अंधारात अँकरेजला कामावर जाई आणि अंधारातच परत येई. ओम तेव्हा दीड वर्षाचा होता, म्हणून मेधा दिवसभर घरी असे. जानेवारीत बोअरपासून घरापर्यंतचा पाइप गोठला, कारण त्याभोवती गुंडाळलेली विजेची तापपट्टी बंद पडल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. पाच दिवस मेधाने शेगडीवर बर्फ वितळवून पाणी केले. पातेले शिगोशिग बर्फाने भरावे आणि तळाशी दोन-चार पेले पाणी निघावे, असा तो हिशेब होता. पाचव्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, “स्वप्न तू पाहिलेस आणि पाणी मी भरते आहे.”

शिरीष, मला उत्तर देता आले नाही. जागा घेण्याचे मी ठरवले होते आणि तिला सांगितले होते, विचारले नव्हते. त्या फेब्रुवारीत आम्ही दोघांनी बसून सगळ्या कामांची यादी केली आणि कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे ते तिने ठरवले. मला शेळ्या हव्या होत्या. आमच्याकडे शेळ्या नाहीत.

कोंबड्या मात्र आहेत, आणि त्या आता अकरा वर्षांच्या मुक्ताच्या आहेत. अस्वल येऊ नये म्हणून खुराड्याभोवती विजेची तार आहे, आणि हिवाळ्यात उजेड कमी पडला की अंडी थांबतात म्हणून आत दिवा लावावा लागतो. गोठलेले पाणी बदलायला ती शाळेच्या आधी बाहेर जाते. कुरकुर करते, पण जाते. ओम आता सात वर्षांचा आहे. लाकडाच्या ढलप्या गोळा करणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल तो मजुरी मागतो.

उन्हाळा हा निराळाच प्रकार आहे. जूनमध्ये १९ तासांहून अधिक ऊन असते, त्यामुळे पिकाचे दिवस थोडे असूनही कोबी अवाढव्य वाढतो. पामरच्या जत्रेत २०१२ साली ६२ किलोंहून अधिक वजनाचा एक गड्डा आला होता. आमचे गड्डे साधेच, पण ते मूसलाही, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणांनाही, आवडतात. गेल्या वर्षी एक मादी पिल्लाला घेऊन कुंपण मोडून आत शिरली आणि तासाभरात दोन ओळी फस्त करून गेली. पिल्लाजवळच्या मूसच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून आम्ही चौघे खिडकीतून बघत राहिलो. यंदा कुंपण आठ फूट केले आहे.

जुलैत आम्ही केनाई नदीच्या मुखाशी सामन मासे धरायला जातो. ही मासेमारी फक्त इथल्या रहिवाशांना मोकळी आहे: कुटुंबप्रमुखाला २५ आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे १०, म्हणजे आम्हा चौघांना ५५. लांब दांड्याचे जाळे धरून छातीभर थंडगार पाण्यात उभे राहायचे, मासा लागला की ओढत किनाऱ्यावर आणायचा, शेपटीची टोके कापायची आणि परवान्यावर नोंद करायची. यंदा ३१ मिळाले. मेधा त्यांची आमसूल घालून आमटी करते. आमसुले ताई पाठवते आणि दर वेळी विचारते, “तिकडे आंबट काही मिळत नाही का रे?”

पैशांचे विचारशील तर जमिनीने अजून बँकेचा एक हप्ताही फेडलेला नाही. माझी नोकरी चालू आहे आणि मेधा इथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. घर त्यावर चालते. बटाटे, मासे आणि सरपण यांमुळे खर्च वाचतो, पण कुंपण, करवत आणि धुराडे यांवर तो पुन्हा होतो. तुझ्या आकडेमोडीत तिसऱ्या वर्षापासून दाखवलेला नफा मला म्हणूनच पटला नाही.

आजऱ्याला बर्फ नाही, पण तिथला पाऊस मी पाहिला आहे. आगोटीच्या आधी घर शाकारायचे राहिले तर पाऊस जसा थांबत नाही, तसेच इथे आहे. परवा डोंगरमाथ्यावर पहिले बर्फ भुरभुरले. इथले लोक त्याला टर्मिनेशन डस्ट म्हणतात, म्हणजे उन्हाळा संपल्याची वर्दी. आमच्या छपराखाली या वेळी दोन उन्हाळे वाळलेले बर्च रचून ठेवले आहे. निम्मे मेधाने फोडले आहे, आणि तिचे ढलपे माझ्यापेक्षा सरळ निघतात.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. चार पानांत विहीर आहे, आंबा आहे, ठिबक सिंचन आहे, गोबरगॅस आहे. वहिनींचे नाव फक्त शेवटी, ‘सौ.चा नमस्कार’ एवढेच. राजीनामा देण्यापूर्वी त्यांना विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते तू कळवू नकोस. पुढच्या पत्रात त्यांनाच लिहू दे.

तुझा,
विनय