‘स्थिर’ मानांकन बँकेसाठी. पुरवठादाराने ताळेबंद वाचावा

संपादक महोदय,

पतमानांकन संस्थेने सुपरमार्केट क्षेत्राचे पुढचे चित्र ‘स्थिर’ म्हटले, एवढ्या बातमीवर इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागातले नमकीन, पापड, मसाल्यांचे उत्पादक साखळी दुकानांना दोन-दोन महिन्यांची उधारी देतात. हे धोक्याचे आहे. मानांकन संस्था कर्ज आणि रोखे फिटतील का, एवढेच तपासते. तुमचे बिल कधी निघेल, हा तिचा प्रश्नच नसतो.

या धंद्यात गिऱ्हाईक रोख मोजते आणि पुरवठादाराला पैसे महिन्या-दीड महिन्याने मिळतात. मधली रक्कम साखळी वापरते. ती नव्या दुकानांच्या अनामत रकमांत नि फर्निचरमध्ये अडकली आणि विक्री मंदावली, की आधी बिले थांबतात. मग माल येईनासा होतो, फळ्या रिकाम्या पडतात आणि गिऱ्हाईकही तुटते. सुमारे १,६०० दुकानांची ‘सुभिक्षा’ २००९ मध्ये बंद पडली. ‘बिग बझार’ चालवणारी फ्यूचर रिटेल २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश निघाला. अशा प्रकरणात निर्णय घेणाऱ्या धनको (कर्ज देणाऱ्यांच्या) समितीत मत असते ते बँकांना. वसुलीच्या रांगेतही तारण असलेल्या बँका आणि कामगार पुढे, पुरवठादार बराच मागे.

म्हणून साखळीचा ताळेबंद स्वतः पाहावा. व्यापारी देण्यांना, म्हणजे पुरवठादारांच्या न चुकवलेल्या बिलांच्या रकमेला, वर्षाच्या मालखरेदीने भागून ३६५ ने गुणले, की ती सरासरी किती दिवसांनी पैसे देते ते कळते. तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. ३५ चे ५५ दिवस झाले असतील, तर मानांकन काहीही असो, उधारी आवरा. नफा वाचताना मात्र जपून. एप्रिल २०१९ पासूनच्या लेखामानकामुळे बहुतेक दुकानभाडे घसारा आणि व्याजात जाते, त्यामुळे घसारा आणि व्याज वजा करण्याआधीचा परिचालन नफा फुगलेला दिसतो. रोख प्रवाह पत्रकातली भाडेपट्ट्याची परतफेड, मुद्दल आणि व्याज दोन्ही, त्यातून वजा करा. डीमार्टची बहुतांश दुकाने स्वतःच्या जागेत आहेत. भाड्याच्या जागांवर वाढणाऱ्या साखळीला तोच भरवसा देऊ नये.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माल पाठवण्याआधी करून घ्या. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. सियागंज या इंदूरच्या घाऊक बाजारातल्या, स्वतः उत्पादन न करणाऱ्या निव्वळ व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, आणि ते मिळायला हवे. तोवर त्यांनी जुने बिल चुकते झाल्याशिवाय पुढचा माल गाडीत चढवू नये.

— एक लेखापाल, इंदूर