प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीत मला डिव्हिजन निवडून न देणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काका यांस,

सादर नमस्कार विनंती विशेष.

तुमचे आणि आपल्या क्लबचे नाव कुठेही येऊ नये, ही तुमची अट मी पाळली आहे. पत्र मात्र उघडपणे लिहीत आहे, कारण न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या दोघातिघा मराठी मंडळींनी अलीकडे मला नेमका तोच प्रश्न विचारला, जो मी तुम्हाला विचारला होता : या खेळासाठी कोणते पिस्तूल घ्यावे? त्याचे उत्तर देण्याऐवजी तुम्ही माझ्यासाठी काय केलेत हे त्यांना सांगणे अधिक उपयोगाचे आहे असे वाटले, आणि ते सांगायचे तर तुमचे आभार जाहीरपणे मानण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्या कोल्हापूरकडे नेमबाजी म्हटले की राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर स्वप्नील कुसाळे ही नावे डोळ्यांपुढे येतात. जागेवर स्थिर उभे राहून, श्वास रोखून, एकाच वर्तुळाकडे पाहणारी ती साधना. 1976 साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावी ज्या संघटनेची स्थापना झाली आणि जेफ कूपर जिचे पहिले अध्यक्ष झाले, त्या आयपीएससीचा (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनचा) खेळ याच्या अगदी उलट वाटावा असा आहे. अचूकता, ताकद आणि वेग ही तिची तीन तत्त्वे असून खेळाडू कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, धावतो, आडोशाआडून वेगवेगळ्या लक्ष्यांवर नेम धरतो, वाटेत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बदलतो आणि मिळवलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून त्याचा ‘हिट फॅक्टर’ काढला जातो. यूएसपीएसए (युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन) ही या खेळाची अमेरिकेतील संघटना, आणि तिच्या नियमपुस्तकात पिस्तुलांचे जे गट पाडलेले आहेत त्यांना डिव्हिजन म्हणतात. ओपन, लिमिटेड, प्रॉडक्शन, सिंगल स्टॅक, रिव्हॉल्व्हर, कॅरी ऑप्टिक्स आणि अलीकडची लिमिटेड ऑप्टिक्स ही त्यांतली काही नावे नवख्या माणसाला गोंधळात टाकण्यास पुरेशी आहेत.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या हातात पिस्तुलांच्या नावांची एक यादी होती आणि एका दुकानदाराने त्यातले सर्वांत महागडे नाव अधोरेखित करून दिले होते. तुम्ही यादी घडी करून मला परत दिलीत आणि विचारलेत, “राहतोस कुठल्या राज्यात?” तुम्हाला माहीत होते, तरी विचारलेत. त्यानंतरचे तुमचे प्रश्न होते ते काडतुसांच्या खर्चाविषयी, सरावाला मिळणाऱ्या वेळेविषयी आणि माझ्या चष्म्याच्या नंबराविषयी. पिस्तुलाच्या नावाची पाळी सर्वांत शेवटी आली. तुमच्या प्रश्नांचा हा क्रमच मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

कायद्याची पहिली गोष्ट मला ठाऊक होती, पण अनेकांना नसते म्हणून येथे नोंदवतो : एच-1बीसारख्या व्हिसावर येथे राहणाऱ्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, ग्रीन कार्ड हातात आल्यावरच हा विचार करावा. दुसरी गोष्ट न्यू जर्सीची. येथे प्रत्येक पिस्तुलासाठी पोलिसांकडून स्वतंत्र खरेदी परवाना काढावा लागतो आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत एकापेक्षा अधिक पिस्तूल घेता येत नाही. “आधी घेऊन पाहू, नाही जमले तर दुसरे घेऊ” असे म्हणण्याची सोय त्यामुळे फारशी राहत नाही. तिसरी आणि खेळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॅगझिनची क्षमता, जी 2018 साली या राज्याने 15 वरून 10 काडतुसांवर आणली. पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादा नाही. तिथल्या सामन्यात कॅरी ऑप्टिक्समध्ये, म्हणजे नेम धरण्यासाठी लाल ठिपका दाखवणारी काच बसवलेल्या पिस्तुलांच्या गटात, उतरणारा स्थानिक खेळाडू नियमात बसणाऱ्या लांब मॅगझिनमध्ये 20 पेक्षा अधिक काडतुसे भरून येतो, आणि त्याच्या शेजारी आपण 10 काडतुसांचे मॅगझिन लावून उभे राहतो.

ही तफावत ऐकून मी प्रॉडक्शनकडे, म्हणजे ठिपक्याविना साध्या पिस्तुलांच्या गटाकडे, झुकलो होतो, कारण त्या डिव्हिजनमध्ये पूर्वी सर्वांनाच 10 ची मर्यादा होती. ती आता 15 झाली आहे हे तुम्ही सांगितलेत, आणि मग खडू घेऊन रेंजवरच्या लाकडी फळीवर जो हिशेब मांडलात तो मी अजून विसरलेलो नाही. सामन्यातल्या प्रत्येक स्वतंत्र फेरीला स्टेज म्हणतात, आणि यूएसपीएसएच्या लांब स्टेजला जास्तीत जास्त 32 काडतुसे लागतात. नळीत एक आणि मॅगझिनमध्ये दहा अशी सुरुवात केली तर 11, 21, 31 होतात आणि शेवटच्या एका काडतुसासाठी तिसऱ्यांदा मॅगझिन बदलावे लागते. 15 च्या मॅगझिनवाल्याला दोनदा आणि 20 पेक्षा अधिकवाल्याला एकदाच. माझा चेहरा उतरलेला पाहून तुम्ही नियमाची दुसरी बाजू पुढे केलीत : स्टेज आखणाऱ्याने कोणत्याही एका जागेवरून आठपेक्षा अधिक गोळ्या झाडायला लावायच्या नसतात. म्हणजे प्रत्येक जागी दहांपैकी आठ खर्च होतात, चुकलेल्यांच्या भरपाईला दोन उरतात, आणि पुढच्या जागेकडे जाताना चालता चालता मॅगझिन बदलले की त्या बदलाला जवळपास वेळच लागत नाही.

वेळेची किंमतही तुम्ही तिथेच काढून दाखवलीत. 32 काडतुसांची स्टेज म्हणजे 160 गुण. ती 20 सेकंदांत संपवली तर हिट फॅक्टर 8, म्हणजे त्या स्टेजवर एक सेकंद साधारण आठ गुणांचा. लक्ष्याच्या मधल्या ‘ए’ भागाऐवजी त्याबाहेरच्या ‘सी’ भागात लागलेली गोळी मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांच्या, गुणांकनात दोन गुणांचे नुकसान करते, म्हणजे पाव सेकंदाचे. उभे राहून दीड सेकंदात बदललेले मॅगझिन बारा गुण खाते, आणि पूर्ण हुकलेली गोळी तिचे पाच गुण व वर दहा गुणांचा दंड मिळून जवळपास दोन सेकंदांची पडते. शिवाय खेळाडूचा दर्जा ठरवण्यासाठी क्लासिफायर म्हणून ठरवून दिलेल्या स्टेजपैकी अनेकांत मोजक्या गोळ्या आणि मध्ये सक्तीचा मॅगझिनबदल असतो. तिथे कोणाचे मॅगझिन किती लांब आहे याने काहीच बिघडत नाही, आणि आपला वर्ग त्यांवरूनच ठरतो. कोणत्या डिव्हिजनमध्ये किती तोटा आहे हे तुम्ही अशा रीतीने आकड्यांत मांडल्यावर ‘अन्याय’ हा शब्द माझ्या बोलण्यातून आपोआप गेला.

काडतुसांच्या बाबतीत तुमच्यातला रसायन अभियंता जागा झाला हे मी जरा कौतुकाने लिहितो. गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग भागिले हजार हा पॉवर फॅक्टर मला पाठ होता. 125 म्हणजे मायनर आणि 165 म्हणजे मेजर हेही मी वाचले होते. मेजरमध्ये ‘सी’ला तीनऐवजी चार आणि सर्वांत बाहेरच्या ‘डी’ला एकाऐवजी दोन गुण मिळतात, त्यामुळे मेजर घेणे शहाणपणाचे असा माझा समज होता. लिमिटेडमध्ये मेजरसाठी पॉइंट 40 कॅलिबरची गोळी लागते, तिची काडतुसे 9 मिलिमीटरपेक्षा महाग असतात, आणि प्रॉडक्शन किंवा कॅरी ऑप्टिक्समध्ये सर्वांचीच गणना मायनरमध्ये होत असल्याने तिथे जास्त ताकदीचा उपयोग फक्त हाताला झटका देण्यापुरता उरतो, हे तुम्ही समजावलेत. एका काडतुसाला 25 सेंट धरले तरी दहा हजार काडतुसांना अडीच हजार डॉलर पडतात. म्हणजे पिस्तुलाच्या किमतीवर घासाघीस करणारा माणूस खरा पैसा कुठे घालवणार आहे हे पाहतच नाही.

वेग मोजण्याचे यंत्र तुम्ही मला वापरायला दिलेत त्याबद्दल वेगळे आभार. 147 ग्रेनची गोळी 850 फुटांनी गेली तर गुणाकार 124.95 येतो, आणि केवळ त्या पाच शतांशांपायी मोठ्या सामन्यात सर्व स्टेज खेळूनही गुण शून्य राहतात. तीच गोळी 890 फुटांच्या आसपास ठेवली की 130 च्या वर निश्चिंत राहता येते. थंडीत काडतुसातल्या दारूचा जोर कमी पडू शकतो, म्हणून वेग उन्हाळ्यात मोजून जानेवारीत त्यावर विसंबू नये, ही सूचना तर पुस्तकात शोधूनही मला सापडली नसती.

तरीही डिव्हिजन अखेर ठरली ती डोळ्यांमुळे. पंचेचाळिशीनंतर पिस्तुलाची पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) धूसर दिसते आणि लक्ष्य स्पष्ट दिसते. साध्या साइटवर नेम धरताना नेमके याच्या उलट हवे असते. तुम्ही मला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलेत, हात लांब केल्यावर साइट जितक्या अंतरावर येते तेवढे अंतर मोजून न्यायला सांगितलेत, आणि तसा चष्मा करून घेऊन प्रॉडक्शन खेळण्याचा मार्गही खुला ठेवलात. मग तुमचे लाल ठिपक्याचे पिस्तूल तुमच्या देखरेखीखाली माझ्या हाती दिलेत. नजर लक्ष्यावर, ठिपका त्याच प्रतलात, आणि डोळ्याला मागेपुढे करण्याचे कष्ट नाहीत. अर्थात ठिपका आपल्या हाताची सगळी थरथरही दाखवतो, पावसाचा थेंब काचेवर बसला की तो फुलतो, आणि पिस्तूल काढताना मनगट जरा वाकडे आले तर तो दिसतच नाही; हे सर्व तुम्ही माझ्याकडून करवून घेतलेत आणि मगच “आता ठरव” म्हणालात. मी कॅरी ऑप्टिक्स म्हटले तेव्हा तुम्ही होकारही दिला नाहीत आणि नकारही.

पिस्तुलाचा प्रश्न त्यानंतर फार मोठा राहिला नव्हता. सीझेड शॅडो 2 माझ्या मनात होते. त्याचे सव्वा किलोहून अधिक वजन झटका शोषून घेते, हे मी तुमच्याच एका मित्राचे पिस्तूल चालवून पाहिले. पण या डिव्हिजनमध्ये त्याचा घोडा (हॅमर) खाली ठेवून सुरुवात करावी लागते, त्यामुळे पहिली गोळी लांब आणि जड चापाने सुटते व दुसरी हलक्याने. सरावाला आठवड्यात मोजके तास मिळणाऱ्याने दोन वेगळे चाप शिकावेत का, असा तुमचा प्रश्न होता. ग्लॉक 34 चा चाप प्रत्येक वेळी सारखाच असतो, दहा काडतुसांची मॅगझिन कंपनीचीच मिळतात, आणि होल्स्टर कुठल्याही दुकानात असते. मी ते घेतले. देखणेपणात ते शॅडोच्या जवळपासही जात नाही, हे तुम्हालाही मान्य असावे.

बाकीच्या सामानाविषयी तुमचा सल्ला थोडक्यात असा की खर्च पट्ट्यावर करावा. आतला पट्टा विजारीच्या लूपमधून, बाहेरचा ताठ पट्टा वेल्क्रोने त्यावर, म्हणजे होल्स्टर हलत नाही आणि पिस्तूल दरवेळी हाताला त्याच जागी सापडते. चाप पूर्ण झाकणारे कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचे साधे होल्स्टर पुरे. मॅगझिनच्या थैल्या मात्र इतरांनी तीन लावल्या तर आपण पाच लावाव्यात, कारण हिशेब तीन बदलांचा असला तरी जमिनीवर पडलेले मॅगझिन उचलायला स्टेजच्या मध्यात वेळ नसतो. तुमचा जुना पट्टा मी अख्खा हंगाम वापरला आणि त्याबद्दल तुम्ही एकदाही विचारणा केली नाहीत.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तुमचा हा सैलपणा कुठेही नसे. नळी 180 अंशांच्या रेषेपलीकडे, म्हणजे खेळाडूच्या बाजूंच्या रेषेमागे, गेली, किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर राहिले, तर खेळाडू त्या दिवशी बाद, मग तो कोणीही असो. पहिल्या सामन्यात माझ्या मागे टायमर घेऊन उभे राहिलात तेव्हा “मेक रेडी” ही तयारीची आज्ञा देण्यापूर्वी तुम्ही मराठीत फक्त एवढेच म्हणालात, “चालत जा, पळू नकोस.” निकालपत्रात माझे नाव तळाशी होते आणि सर्व स्टेज पूर्ण केलेल्यांत होते.

आता एक विचारायचे आहे. कॅरी ऑप्टिक्समध्ये मॅगझिन चटकन आत सरकावे म्हणून मुठीच्या तोंडाशी बसवायचे पसरट मॅगवेल लावता येत नाही, लिमिटेड ऑप्टिक्समध्ये लावता येते. प्रत्येक लांब स्टेजवर तीनदा मॅगझिन बदलणाऱ्या आपल्यासारख्या न्यू जर्सीकरांना त्याचा फायदा इतर कोणाहीपेक्षा अधिक व्हावा असे मला वाटते. तुमच्याच क्रमाने मी पाहिले : कायद्याची अडचण दिसत नाही, काडतूस तेच राहते, डोळ्यांची सोयही तीच, अडतो आहे तो नव्या पिस्तुलाचा खर्च, नवा परवाना आणि एकेरी चापाच्या पिस्तुलावरील सेफ्टीची सवय लावण्याचा वेळ. या हंगामात बदल करू नये या निष्कर्षाला मी आलो आहे. तुमचा हिशेब वेगळा येत असेल तर पुढच्या सामन्याच्या आधी स्टेज उभारायला येऊ तेव्हा सांगावा; पट्टा आणि वेग मोजण्याचे यंत्र मी त्याच दिवशी घेऊन येतो.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
क्लबातील एक विद्यार्थी